परसबागेतला वाल आणि त्याचा मांडव: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सुरू झाला की वालाबद्दल विचारणा सुरू होते, ती थेट संक्रांतीपर्यंत चालते. बहुतेक तक्रारींचं मूळ दोनच ठिकाणी सापडतं: बी चुकीच्या वेळी टोचलेलं असतं किंवा मांडव वेलीनंतर उभा केलेला असतो. म्हणून त्या दोन गोष्टींवर इथं जास्त लिहिलं आहे. उत्तरं जळगाव, धुळे आणि नंदुरबारची काळी जमीन आणि तिथलं ऊन धरून दिली आहेत.

1. वाल, वालपापडी, पावटा, घेवडा, बाकला: यातलं नेमकं काय लावायचं?

वाल, वालपापडी आणि पावटा ही एकाच जातकुळीच्या वेलीची नावं. चपटी, रुंद शेंग सालासकट खायची असेल तर ती वालपापडी. दाण्यासाठी ठेवतात तो वाल किंवा पावटा. ‘घेवडा’ शब्दानं मात्र फार घोटाळा होतो. काही जण वालालाच घेवडा म्हणतात, आणि बियांच्या दुकानात घेवडा मागितला तर श्रावणघेवडा, म्हणजे फरसबी, हातात पडते. दाणा पाहून घ्या. वालाच्या दाण्याच्या एका कडेला ठळक, उठावदार पांढरी रेघ असते, नखावर चुना ओढल्यासारखी. ती फरसबीला नसते. बाकला हे तर वेगळंच झाड आहे. त्याच्यासाठी प्रश्न 19 पाहा.

2. बी कधी टोचायचं? उन्हाळ्यात पाणी आहे, तेव्हाच लावलं तर शेंगा लवकर मिळतील का?

नाही मिळणार. गावठी वेलीचा वाल दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलत नाही. आपल्याकडे जूनमध्ये दिवस जवळपास साडेतेरा तासांचा असतो, सप्टेंबरच्या शेवटी बारा तासांवर येतो आणि डिसेंबरात अकराच्या आत जातो. वेल हा फरक ओळखते. मार्चमध्ये लावलेली वेल सहा-सात महिने नुसता पाला वाढवते, मे महिन्याच्या 44-45 अंशांत तिला जगवायला पाणी जातं ते वेगळंच, आणि फुलायचं तेव्हाच फुलते.

मांडवावर चढवायची वेल असेल तर पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत टोचा. जागा लहान असेल तर मुद्दाम ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात लावा. फूल साधारण त्याच सुमारास येतं, पण वेल आटोपशीर राहते. गच्चीवाल्यांना ही युक्ती फार उपयोगी पडते.

3. जात कोणती घ्यावी?

शेजारी-नात्यात वर्षानुवर्षं चालत आलेलं बी मिळत असेल तर पहिली पसंती त्याला. ते तुमच्या हवेत मुरलेलं असतं. विकतचं घ्यायचं तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फुले गौरी, दसरावाल आणि दिपालीवाल या जाती आहेत. मांडव घालायचाच नसेल तर बुटक्या जाती घ्या: दापोलीच्या विद्यापीठाची कोकण भूषण, बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेच्या अर्का जय आणि अर्का विजय. या दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसतात, त्यामुळे प्रश्न 2 मधलं बंधन त्यांना लागू नाही. मात्र त्यांचा बहर थोडक्यात आटोपतो. मांडवावरची वेल नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत घर भागवते.

4. खड्डा कसा भरायचा?

दीड फूट लांब, रुंद आणि खोल. निघालेल्या मातीत 5 ते 7 किलो कुजलेलं शेणखत, 200 ग्रॅम निंबोळी पेंड आणि 100 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून खड्डा भरा. माती आजूबाजूपेक्षा चार-पाच बोटं उंच ठेवा, कारण काळ्या जमिनीत पाणी साचलं की रोपाचं मूळ दोन दिवसांत कुजतं. शेण ताजं नको, त्यानं हुमणी आणि वाळवी येते. युरियाची गरज नाही. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात.

चुलीची राख घालायची का, असं बरेच जण विचारतात. तापीकाठच्या काळ्या जमिनी मुळातच चुनखडीच्या आणि विम्लधर्मी आहेत, त्यात राख घातली की लोह वेलीला मिळेनासं होतं. राख इथं नकोच.

5. बी टोचलं, पण निम्मं उगवलंच नाही. काय चुकलं?

बहुतेकदा बी खराब नसतं, वरची माती आड येते. वालाचं रोप दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन वर येतं. काळ्या मातीवर पाऊस पडून लगेच ऊन तापलं की वर कडक पापुद्रा धरतो. त्याला धडक देताना रोपाची मान मोडते. उकरून पाहिलंत तर वाकडा, पांढरा कोंब तसाच अडकलेला दिसेल. म्हणून बी एक इंच खोल ठेवा आणि वर काळी माती न लोटता चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत घाला.

एका खड्ड्यात चार बिया, चार-चार बोटांवर. पाच ते आठ दिवसांत उगवतात. पंधरा दिवसांनी जोमदार दोन ठेवून बाकीची उपटू नका, कात्रीनं कापा, म्हणजे राहिलेल्यांची मुळं हलणार नाहीत. जमीन ओली असेल तर बी भिजवू नका. उघडीप असेल तर पाच-सहा तास भिजवणं पुरे, रात्रभर नको. वाल त्या जागी पहिल्यांदाच लावत असाल तर गुळाच्या पाण्यात कालवलेलं रायझोबियम (मुळांवर गाठी धरणारे जिवाणू) बियांना चोळा आणि सावलीत सुकवून लगेच टोचा.

6. मांडव किती मोठा, किती उंच आणि सामान काय लागतं?

चार खड्ड्यांसाठी 10 फूट बाय 10 फूट. उंची 6 फूट. यापेक्षा उंच केला तर शेंग तोडायला स्टूल लागतं आणि मग वरच्या शेंगा वाळेपर्यंत राहून जातात. बुटका केला तर खाली वाकून काम करताना कंटाळा येतो आणि हवा खेळत नाही.

सामान असं: वर बेचकं असलेल्या 8 फुटी पाच मेढी, 11 फुटी पाच बांबू, 16 गेजची जस्ती तार पाऊण किलो, ताणासाठी 12 गेजची थोडी तार आणि चार खुंट. चार मेढी कोपऱ्यांना, पाचवी मधोमध. चार बांबूंची चौकट बेचक्यांत बसवा, पाचवा बांबू मधल्या मेढीवरून आडवा टाका. मग दीड-दीड फुटावर उभी-आडवी तार ओढून चौकडी विणा. सुमारे 140 फूट तार लागते. प्रत्येक छेदावर तारेला एक वेढा द्या, नाहीतर वेलीच्या वजनानं तारा एका बाजूला सरकतात आणि मध्ये भगदाड पडतं.

हे सगळं बी टोचायच्या आधी. नंतर खड्डे खणायला गेलात तर वाढलेली मुळं तुटतात, आणि वेल तोवर जमिनीवर एकमेकींत अशी गुंततात की सोडवताना शेंडे मोडतात.

7. दरवर्षी सप्टेंबरच्या पावसात मांडव कलतो. मेढी तर मजबूत आहेत!

मेढ मजबूत असूनही जमीन तिला सोडून देते. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. दोन-तीन वेळा असं झालं की मेढीभोवती बोटभर फट पडते. त्यात भिजलेल्या पाल्याचं ओझं आणि वारा आला की मांडव झुकतो.

उपाय: खड्डा 2 फूट खोल घ्या, तळाला चपटा दगड ठेवा, मेढ उभी करा आणि भोवती काळी माती न भरता मुरूम व गोटे थराथरानं पहारीनं ठोका. चारही कोपऱ्यांना बाहेरच्या बाजूला ताण द्या: मेढीच्या डोक्यापासून तार, तीन-साडेतीन फुटांवर तिरका ठोकलेला खुंट. जमिनीत जाणारा भाग आणि वर एक वीतभर डांबर किंवा वापरलेलं काळं ऑइल लावून वाळवा, वाळवीपासून एक-दोन वर्षं जास्त निभावतं. ताणाच्या तारेला फडक्याची चिंधी बांधून ठेवा, अंधारात पाय अडकतो.

8. घरात आहे त्यातून मांडव करता येईल का? पऱ्हाट्या, तुराट्या, केळीचं सोपट...

येईल. प्रत्येकाचं काम वेगळं. तुराट्या आणि पऱ्हाट्या बुटक्या वालाला किंवा रोपाच्या पहिल्या दीड-दोन फुटांना आधार म्हणून उत्तम, मांडवाचं छत म्हणून नाहीत. पऱ्हाट्या गेल्या हंगामातल्या ठेवलेल्या असतील तर त्यावर लटकलेली कवडी बोंडं आधीच काढून जाळा. गुलाबी बोंडअळी त्यातच दडून राहते.

रावेर-यावलकडे केळीचं सोपट फुकट मिळतं. ते उभं चिरून सावलीत वाळवा आणि बांधायच्या वेळी दहा मिनिटं पाण्यात टाका. मऊ होतं, वेलीला काचत नाही. सुतळी फक्त वेल वर चढवायला वापरा, पावसात ती दोन-अडीच महिन्यांत कुजते, पण तोवर वेल तारेवर पोचलेली असते. नायलॉनची बारीक दोरी टिकते, पण वाढत्या खोडात रुतते.

शेवग्यावर वेल सोडू नका. शेवग्याची फांदी ठिसूळ, ओझ्यानं फांदी आणि वेल दोन्ही खाली येतात.

9. जागा अगदी लहान आहे किंवा गच्ची आहे. मग?

जमिनीवर असाल तर कैची करा. 7 फुटी बांबूंच्या जोड्या, पायात अडीच-तीन फूट अंतर, वर एकमेकांत अडकवून बांधायच्या आणि त्यावर एक आडवा बांबू. रांग उत्तर-दक्षिण धरा, म्हणजे दोन्ही अंगांना ऊन मिळतं. दिवसाचं सहा तास ऊन हवंच.

गच्चीवर 20 लिटरची रंगाची बादली एका वेलीला पुरते. तळाला बोटभर जाडीची पाच-सहा भोकं पाडा. नुसती काळी माती भरू नका, ती कुंडीत विटेसारखी बसते. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं खत, एक भाग बारीक मुरूम किंवा कोकोपीट. वेलीचा आधार कठड्याला बांधा, बादलीला नाही. वाऱ्याला सगळा संसार आडवा होतो.

10. वेल तारेवर नीट चढत नाही, सारखी सुटून खाली पडते.

वालाला काकडीसारखे तणावे नसतात. तिचा शेंडाच आधाराभोवती फिरत वर जातो. हातानं गुंडाळताना तुम्ही उलट्या दिशेनं गुंडाळलं की ती स्वतःला सोडवून घेते. आपली आपण चढलेली एखादी वेल आधी बघा, ती ज्या अंगानं वळली आहे त्याच अंगानं गुंडाळा. दुपारी हे काम करा, सकाळी शेंडे ताठ असतात आणि कट्‌कन मोडतात. वेल मांडवाला टेकली की शेंडा खुडा, बाजूचे तीन-चार फुटवे निघतात, ते चार दिशांना सोडा.

11. पाणी किती?

पावसाळ्यात द्यावं लागत नाही, काढून द्यावं लागतं. हिवाळ्यात प्रत्येक खड्ड्याला दोन-तीन दिवसांआड 4 ते 5 लिटर. ठिबक असेल तर तासाला 4 लिटरचा एक ड्रिपर तासभर. तीन बोटं माती उकरून पाहा. ओली लागली तर त्या दिवशी राहू द्या. नवापूर-धडगावच्या हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत थोडं कमी पण रोज लागतं.

12. मांडव हिरवागार भरलाय, दिवाळी झाली तरी एक फूल नाही. का?

तीन कारणं तपासा. पहिलं, नत्र जास्त झालं: शेणखताचा ढीग शेजारी आहे, न्हाणीचं पाणी येतं किंवा कुणी युरिया टाकला. पान मोठं, गडद आणि मऊ असेल तर हेच. खत बंद करा, पाणी आठ-दहा दिवस ताणा, प्रत्येक फुटव्याचा शेंडा खुडा आणि आतला दाट पाला तिसऱ्या हिश्शानं विरळ करा.

दुसरं, सावली. झाड किंवा भिंत दुपारनंतर ऊन अडवत असेल तर वेल उजेडाच्या शोधात पसरतच राहते.

तिसरं कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: रस्त्याचा दिवा. वेल दिवसाची लांबी ओळखते ती खरं म्हणजे सलग अंधारावरून. रात्रभर मांडवावर प्रखर दिवा पडत असेल तर त्या भागात फूल लांबू शकतं. मांडवाचा अंधारातला भाग फुललाय आणि दिव्याखालचा कोरा आहे, असं दिसलं तर दिव्याच्या बाजूला गोणपाट टांगा.

13. फुलं येतात पण गळून जातात.

ऑक्टोबरच्या उन्हात थोडी गळ होणारच, तिची काळजी करू नका. नोव्हेंबरातही थांबली नाही तर पाण्याची ओढाताण असते: आठवडाभर कोरडं आणि मग एकदम पाट भरून. प्रश्न 11 प्रमाणे नियमित द्या आणि बुडाशी वाळलेला पाला पसरा. कळ्या जाळीनं एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर ती गळ नव्हे, अळी आहे. प्रश्न 15 पाहा.

14. शेंड्यांवर काळा मावा बसलाय, मुंग्याही चढतात.

ढगाळ हवा आली की मावा हमखास येतो. मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात आणि माव्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकतात. आधी जास्त भरलेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारा. तरी राहिला तर निंबोळी अर्क: 50 ग्रॅम सुक्या निंबोळ्यांची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून 1 लिटर करा, त्यात 5 ग्रॅम साधा साबण विरघळवा. पानांच्या मागून, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतरानं दोनदा. निंबोळ्या पावसाच्या तोंडाशी गोळा करून वाळवून ठेवलेल्या असल्या तर थंडीत बाजारात धावावं लागत नाही.

लाल, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे आणि त्यांच्या काळ्या-केशरी, खरबरीत अळ्या दिसल्या तर फवारणी थांबवा. त्या अळ्यांना शत्रू समजून चिरडतात, तसं करू नका. त्या मावाच खातात.

15. शेंगेला भोक आणि आत अळी. औषध कोणतं मारू?

जी शेंग दर तीन-चार दिवसांनी तोडून भाजीत जाते, तिच्यावर विषारी औषध मारू नका. तूर, हरभरा जवळ असेल तर घाटेअळी येणारच. जाळीनं चिकटलेले फुलांचे गुच्छ आणि भोकाच्या शेंगा दर दोन दिवसांनी तोडून पुरा. फूल लागताना प्रश्न 14 मधला अर्क सुरू करा. अळी लहान असतानाच बीटीची (अळ्यांना मारणाऱ्या जिवाणूची) भुकटी लिटरला 2 ग्रॅम, संध्याकाळी. सकाळी मधमाश्या फुलांवर असतात.

16. पानं पिवळी पडतात.

कोणती, ते पाहा. बुडाची जुनी पानं पिवळी पडून गळणं हा क्रम आहे. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. पाण्याचा निचरा करा, 5 ग्रॅम फेरस सल्फेट व चिमूटभर लिंबूसत्त्व 1 लिटर पाण्यात विरघळवून पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. हिरव्या-पिवळ्या रंगाचे भडक ठिपके-चट्टे पडले असतील तर तो केवडा, विषाणूचा रोग. त्याला औषध नाही. वेल लहान असेल तर उपटून पुरा. तो पांढऱ्या माशीनं पसरतो, आणि शेजारची कपाशी उपटली की तिच्यावरची माशी हिरव्या वेलीकडे वळते. त्या दिवसांत पिवळे चिकट सापळे मांडवाच्या उंचीवर लावा.

17. शेंग कधी आणि कशी तोडायची?

भाजीसाठी: शेंग पूर्ण रुंद झाली आहे, पण उन्हाकडे धरली तर दाण्याची नुसती सावली दिसते, फुगवटा नाही. वाकवली की मोडली पाहिजे. चिवट वाकली तर ती सोलून दाण्यासाठी घ्या, तिच्या शिरा काढत बसण्यात अर्थ नाही. तुऱ्याचा दांडा तोडू नका, त्याच दांड्यावर पुढे आणखी फुलं येतात. एका हातानं दांडा धरून दुसऱ्यानं शेंग मागे वळवली की देठासकट सुटते. बोटांना हिरवट वासाचा चिकटा लागतो, खास पावट्याचा. तो जितका दाट, तितकी वांग्यात टाकलेली शेंग चवीला खुलते.

18. तीच वेल पुढच्या वर्षी ठेवावी का? आणि बी कसं धरायचं?

वेल दोन-तीन वर्षं जगू शकते. मार्चमध्ये दोन फुटांवर छाटून, बुडाशी पाला पसरून पाणी देत राहिलात तर पावसात फुटते. तरी आमचा सल्ला नवी लावायचाच आहे. जुन्या खोडावर रोग-कीड उन्हाळा काढते आणि वैशाखातलं पाणी माठासाठी बरं.

बियांसाठी निरोगी वेलीच्या मधल्या बहरातल्या शेंगा खुणेची चिंधी बांधून मांडवावरच वाळू द्या. फेब्रुवारीत गारपिटीचा अंदाज आला तर अर्धवट वाळलेल्या शेंगा देठासकट काढून सावलीत टांगा. दोन रंगांच्या वेली शेजारी असतील तर मधमाश्यांमुळे थोडी सरमिसळ होते. बी कडकडीत वाळलं की किलोला 5 मिली एरंडेल चोळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. भुंगा लागत नाही.

19. उत्तरेतला बाकला आपल्याकडे येतो का? त्यालाही मांडव लागतो?

येतो, पण खिडकी अरुंद आहे. त्याला गारवा हवा आणि आपल्याकडे खरी थंडी दोन-अडीच महिन्यांचीच. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य, एवढ्यातच पेरा. फेब्रुवारीचं ऊन तापलं की फूल गळतं. बी दोन इंच खोल, रोपांत 20 सेंटीमीटर, दोन ओळींत 25 सेंटीमीटर.

बाकला वेल नाही. चौकोनी, पोकळ खोडाचं तीन-चार फूट उंच, ताठ झाड असतं, ते ना गुंडाळतं ना चढतं, फक्त शेंगांच्या भारानं बुडाशी लवतं. म्हणून मांडव नको, कोंडवाडा करा: जोडओळीच्या चार कोपऱ्यांना आणि मध्ये दर चार-पाच फुटांवर 4 फुटी काठी, आणि बाहेरून सुतळीचे तीन फेरे, एक-एक फूट उंचीवर. सुतळी सैल ठेवा, झाड आत टेकलं पाहिजे, बांधलेलं नको. बुडाच्या शेंगा धरल्या की शेंडा खुडा. मावा आधी तिथंच येतो.

20. कच्चे दाणे खाल्ले तर चालतात का?

वालाचे पक्व, सुके दाणे कच्चे खाऊ नयेत, त्यात शिजवल्यानं कमी होणारी विषारी द्रव्यं असतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात पूर्ण मऊ होईपर्यंत उकळा. रंगीत, काळपट दाण्यांचं पहिलं उकळीचं पाणीही फेका. कोवळी शेंग नेहमीच्या भाजीसारखी शिजवली की पुरे.

बाकल्याचं वेगळं आहे. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी बाकला खाल्ल्यावर फुटू शकतात: लघवी गडद होते, कावीळ दिसते, धाप लागते. शिजवूनही हा धोका पूर्ण जात नाही. घरात कुणाला ही कमतरता असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर परसात बाकला लावूच नका, लहान मुलं ओल्या शेंगा सोलून खातात. खाल्ल्यावर अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि बाकला खाल्ल्याचं आधी सांगा.